बांधावरचे पांढरे दगड

१८ नोव्हेंबर १९८५, सोमवार

माणिकप्पामामा लातूरला वकिलाच्या हाताखाली आहेत. काल म्हणाले, "जगदेवी, तुला ज्याचा संशय येतो ते तारीख घालून लिहून ठेवत जा. उद्या कोर्टात तोंडी बोलण्याला कोण विचारतं?" संशय मला रोजच येतो. तेव्हा वही लवकर भरेल असं दिसतं.

आजचा संशय असा. दर रविवारी मी सकाळच्या गाडीनं लातूरला जाते, उमाच्या वसतिगृहावर डबा घेऊन. परत येईपर्यंत दिवस कलतो. काल आले तर द्राक्षबागेच्या बांधावर माणसांचे पाय उठलेले. एकदोघांचे नाहीत, चांगल्या वरातीएवढे. बूट, चपला, एक तर टाचेची बायकी चप्पल. मुरुडच्या रस्त्याकडून आले, विहिरीपाशी घोटाळले आणि पुढं सोमलिंगाच्या डोंगराकडे गेले.

सासूबाईंना विचारलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. म्हणाल्या, "लातूरची मान्सं हुती. नव्या हापिसातली. डोंगर बगाया चालली हुती."

"डोंगरात काय आहे बघण्यासारखं?"

"मला काय म्हाईत माय? पाणी मागितलं, दिलं."

कोर्टासाठी लिहायचं तर मागचं सांगायला हवं. यजमान सिद्धराम वारून दोन वर्षं झाली. लातूर जिल्हा झाला त्या साली त्यांनी ही बाग लावली. धाकटे दीर मलप्पा तेव्हा म्हणाले होते, "दादा, ही बाग विहीर पिऊन टाकंल." यजमान गेल्यावर वाटण्या झाल्या. विहीर माझ्याकडे आली, आणि मी पंचांसमोर सांगून टाकलं की यापुढं मलप्पांनी विहिरीवर पाय ठेवायचा नाही. त्यांनी ठेवला नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. त्यांचं रान माझ्या रानाला लागून. मध्ये फक्त बांध. आत्याबाई माझ्याकडे राहतात आणि दिवसभर त्या बांधाकडे तोंड करून बसतात.

यंदा पाऊस नाही. गावातल्या विहिरी दसऱ्यालाच आटल्या, प्यायला टँकर येतो. माझ्या विहिरीला थोडं पाणी आहे, मोटर लावली की तासाभरात तळ दिसतो. वेलींना घड लागलेत. होळीपर्यंत पाणी पुरलं तर बाग हाती लागेल, नाही तर यजमानांची तेवढी एक खूण जळताना बघत बसावं लागेल. असं असताना परकी माणसं विहिरीत डोकावून गेली, हे मला बरं वाटलेलं नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

माझं म्हणणं खरं ठरलं. काल लातूरहून आले तर बांधावर दगड! चुना फासलेले, पांढरे फेक, दर थोड्या अंतरावर एक. प्रत्येकावर गेरूचा बाण, डोंगराकडे रोखलेला. कोपऱ्यात यजमानांची समाधी आहे. तिच्यापाशी दगड बांध सोडून जरा लांबून गेलेत. लोक म्हणतील, मान राखला. मी म्हणते, एवढं बघून जागा सोडली म्हणजे मोजमाप करूनच आले होते.

नवा जिल्हा झाल्यापासून कुठं सरकारी दगड पडला की तिथं काही तरी होतंच. लातूरच्या वेशीवर कुणाच्या ज्वारीत असेच दगड रोवले, आज तिथं साहेबांच्या क्वार्टरी आहेत.

बागेत कामाला येणारी केवळाबाई म्हणाली, "बाई, ही फिरस्ती मंडळी हायती. आयतवारी नुसतं चालत्यात म्हनं." नुसतं! उन्हातान्हात, दुष्काळात, सुटीच्या दिवशी, पोराबाळांना घरी ठेवून नुसतं कोण चालतं?

आणखी एक. विहिरीपासून मलप्पांच्या रानाच्या दिशेनं बांधावरच्या धुळीत थेंब पडल्याच्या खुणा आहेत. एक ओळ नाही, चांगली रुंद पट्टी. बराच विचार केला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. रस्ता करताना रोलर फिरवायच्या आधी पाणी मारतात. हे माझ्याच विहिरीचं पाणी मारून माझ्याच बांधाचा रस्ता करायला निघालेत. आणि रस्ता मलप्पांच्या रानाकडे का वळतो, हे सांगायला ज्योतिषी नको.

२ डिसेंबर

विहीर हातभर खाली गेली. बागेला आपण किती दिलं ते मला माहीत आहे. हे त्यापेक्षा जास्त आहे.

माळ्यावरची माझ्या लग्नातली भांडी काल संध्याकाळी ओट्यावर पालथी घातलेली होती. घागरी, कळशा, दोन बादल्या, सगळी ओली. एका घागरीला पोचा.

"आत्याबाई, हे काय?"

"धूळ बसली हुती. धुतली."

"पोचा कसा आला?"

"म्हातारीचा हात. सुटली."

एवढी भांडी माळ्यावरून उतरवायला शिडी लागते. आत्याबाईंना खाटेवरून उठायला दोन्ही हात टेकावे लागतात. मला वाटतं त्या लोकांनी घरात शिरून भांड्यांचा अंदाज घेतला आणि म्हातारी भिऊन बोलत नाही. माळ्याच्या खोलीला आज कुलूप घातलं.

५ डिसेंबर, गुरुवार

काम सोडून लातूरला कलेक्टर कचेरीत गेले. रंगाचा वास अजून भिंतींना आहे. या टेबलाकडून त्या टेबलाकडे असं करत शेवटी महसुलात एका कारकुनासमोर जाऊन उभी राहिले. नाव किशनराव. मूळचा नांदेडकडचा, हदगावचा. नवा जिल्हा झाला तेव्हा बदलून आला. दगडांचं म्हटल्यावर माणूस खुर्चीतून उठलाच.

"म्हणजे तुमी द्राक्षवाल्या मावशी! बसा, बसा. दगड आमच्या फिरस्ती मंडळानं ठेवले. वाट चुकू नये म्हणून. तिकडं कसं हाय, सगळे बांध सारखेच दिसून राहिले."

"रस्ता कधी निघणार?"

"कोणता रस्ता?"

"माझ्या बांधावरून."

"न्हाई हो. आमी फक्त चालून राहिलो. सगळे बदलीवर आलेले लोक. आयतवारी खोलीवर बसून जीव कावून जातो. तुमची बाग, वेलीखालची सावली, वर डोंगरावर वारा. बाकी काहीच न्हाई."

सरकारी माणूस इतक्या पटकन नाही म्हणतो, तिथं समजून जावं. मी जायला वळले. तर आपणहून म्हणाला, "तुमच्या विहिरीचं पाणी लई गोड. आन आजी म्हणजे भारीच बाई! पाणी पाजतात पण फुकट न्हाई पाजत." असं म्हणून खांदा चोळत हसला. शेजारच्या टेबलावरची बाईपण हसली. तिच्या पायात टाचेची चप्पल होती.

फुकट पाजत नाहीत! म्हणजे आत्याबाई माझ्या मागं पाणी विकतात. लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब न घेणारी बाई!

घरी आल्यावर त्या पूजेला बसल्या तेव्हा त्यांची बटवी, उशाखालचं गाठोडं, जुन्या लुगड्यांची घडी सगळं चाचपलं. सुपारी निघाली आणि यजमानांचा लहानपणचा एक फोटो. तो मी परत होता तसा ठेवला.

११ डिसेंबर

मलप्पांचे बैल आज बांधापलीकडे दिसले. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, देवणीच्या बाजारातून यजमानांनी पारखून आणलेली जोडी. वाटणीत तिकडं गेली. गावातल्या बाकीच्यांनी जनावरं छावणीला नेली, कुणी मिळेल तिथं विकून टाकली. आणि यांच्या बैलांची पाठ चकाकते! मलप्पांची विहीर तर पोळ्यालाच कोरडी पडली. टँकरवर माणसाला दोन घागरी मिळायची मारामार. मग हे पितात काय?

लिहून ठेवते: मलप्पांचे बैल कुणाचं तरी पाणी पितात. कुणाचं, ते शोधून काढीन.

आत्याबाई म्हणाल्या, "बैलं बरी दिसत्यात की गं." आवाजात फार आनंद होता. मला राग आला. यांचं खाणंपिणं माझ्याकडे आणि जीव तिकडे.

१६ डिसेंबर, सोमवार

शनिवारी केवळाबाईला घेऊन बांधावर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. म्हटलं, आता चाला नुसतं.

काल येऊन बघते तर बांध झाडून काढल्यासारखा स्वच्छ. काटे तोडून, मोळ्या बांधून गोठ्यापाशी रचून ठेवलेले.

आत्याबाई म्हणाल्या, "सरपनाला आणलीस न्हवं? मीच त्यांन्ला मोडाया लावलं. रिकामी तर हायती."

वर्षभर मी मजूर मिळत नाहीत म्हणून बोंबलते, आणि ही म्हातारी कलेक्टर कचेरीकडून लाकडं फोडून घेते. माळ्याच्या कुलपाची किल्लीसुद्धा मी जिथं लपवली तिथं नव्हती, शेजारच्या खिळ्याला होती.

लाकडं चांगली वाळलेली आहेत. तेवढं खरं.

२३ डिसेंबर

काल मुद्दाम लातूरला जायचं नाही असं ठरवलं होतं. घरी दबा धरून बसायचं आणि सगळ्यांना रंगेहाथ पकडायचं. सकाळी आत्याबाईंनी आधीच डबा भरून ठेवलेला. वरून शेंगाची पोळी. "पोरगी फाटकापाशी उबी ऱ्हाती. न्हाई गेलीस तर काय वाटंल तिला?" त्यांनी इतकं लावून धरलं की मला उमाचाच संशय आला. काही झालंय आणि म्हातारीला आधी कळलंय की काय? धावतपळत गेले. उमा ठणठणीत होती. मलाच म्हणाली, "आई, तू दर आठवड्याला येतेस, माझ्या मैत्रिणी हसतात."

विहीर आणखी खाली गेली आहे. द्राक्षाच्या मण्यांना आता खरी तहान लागते. आज मोटर अर्ध्या तासात हवा ओढायला लागली. मागच्या ओळींना पाणी पोचलंच नाही. आळ्यात हात घालून बघितला तर माती कोरडी, भेगाळलेली. मी तिथंच बसले आणि रडले. कुणी बघत नव्हतं. निदान तसं वाटलं. मग बांधापलीकडून मलप्पांच्या खोकल्याचा आवाज आला. किती वेळ ते तिथं होते, देव जाणे. बघून गेले असतील आणि मनात म्हणत असतील, सांगितलं होतं ना दादाला.

३० डिसेंबर

कुणी तरी मागच्या ओळींच्या आळ्यांत पालापाचोळा आणि भुईमुगाची फोलपटं पसरून गेलं आहे. चांगलं जाड, हातभर घेरात. ओल टिकावी म्हणून यजमान असंच करायचे. मी केलेलं नाही, केवळाबाईनं केलेलं नाही. भुईमूग शेजारीपाजारी फक्त मलप्पांनी लावला होता.

यात काय डाव आहे ते अजून कळलं नाही. फोलपटात वाळवी असली तर बाग मुळापासून जाईल. मूठभर उचलून उन्हात बघितलं, वाळवी नव्हती. तरी लक्ष ठेवणार.

८ जानेवारी १९८६, बुधवार

परवा येळवस. यंदा रब्बीचं पीक नाही कुणाच्या रानात, तरी येळवस टळत नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला घर सोडून रानात जायचं, कडब्याची कोपी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि रानात येईल त्याला जेवू घालायचं. वाटसरू असो, वैरी असो, न जेवता परत पाठवायचं नाही.

पांडवांवरून मला एक युक्ती सुचली. मामांना सांगितली तर तेही माझे पाय धरतील. आज दुपारी केवळाबाईला घेऊन बांधावरचे सगळे पांढरे दगड उपटले. त्यातले सुबक असे पाच निवडून विहिरीशेजारी कोपीच्या जागेवर मांडले. चुना तर आधीच आहे! शुक्रवारी पूजा झाली की ते दगड देव झाले. मग आणावा सरकारनं रस्ता. पांडवांना हात लावायची कुणाची छाती आहे बघू.

केवळाबाई म्हणाली, "बाई, ह्यांच्यावर बाण हायती."

"कुंकू लावलं की झाकतील," मी म्हटलं.

११ जानेवारी, शनिवार

काल लिहिणं झालं नाही. आज सगळं जसंच्या तसं लिहिते.

काल सकाळी उमा सुटीवर आलेली होती. आत्याबाईंनी दोन दिवस आधीच नव्या मडक्यात आंबील घातली होती. जमतील तेवढ्या डाळी, शेंगा आणि पालेभाज्या घालून भज्जी केली, बाजरीचे उंडे केले. कडबा महाग म्हणून कोपी लहानच बांधली, वर माझी शाल टाकली. पांडवांना हळद, मग कुंकू. दोन दगडांवरचा बाण काही केल्या झाकेना, तिथं झेंडूचं फूल चिकटवलं. उमानं "ओलगे ओलगे" म्हणत बागेभोवती आंबील शिंपडली. दुष्काळ असूनही माझं मन जरा हलकं झालं होतं.

पहिली पंगत बसणार तेवढ्यात मुरुडच्या बाजूनं बायामाणसांची रांग येताना दिसली. पुढं किशनराव. सगळे डोलत, पोटावर हात ठेवून चाललेले. टाचेच्या चपलेवाली तर चपला हातात घेऊन होती.

किशनराव कोपीसमोर येऊन मट्कन खालीच बसला. "मावशी, आता मात्र खायला सांगू नका, हात जोडतो."

"आज शुक्रवार. आज कसे काय?"

"कचेरीला सुटी. गाव अख्खं रिकामं, चहासुद्धा मिळंना. म्हटलं मंडळाचं चालणं काढू. तर तुमच्या बांधाच्या अलीकडंच वाट चुकलो. आमचे दगड दिसंनात. मग एका रानात पांढरे दगड दिसले, तिकडं वळलो, तर लोकांनी बसवून जेवूच घातलं! पुढच्या रानात दगड, तिथंही ताट. आमच्या हदगावकडं हे येळवस न्हाई हो. आमाला वाटलं, मंडळाच्या अध्यक्षांनी सोय करून ठेवली. दगडाच्या मागं जाऊन राहिलो आन जेवून राहिलो."

उमा हसून लोळायचीच बाकी होती. मी हसले नाही. मला एवढंच दिसलं की किशनरावची नजर कोपीतल्या दगडांवर गेली, झेंडूच्या फुलाखालून डोकावणाऱ्या बाणावर थांबली. आता बोलणार! पण त्यानं हात जोडले, कपाळ टेकवलं आणि उंडा मागून घेतला. सरकारी माणसं अशीच असतात. बघतात आणि बोलत नाहीत.

सगळ्यांना घोट घोट आंबील दिली. ती पिऊन मंडळी उठली. मला वाटलं, निघाली. ती निघाली नव्हती. टाचेच्या चपलेवालीनं पदर खोचला, ओट्याकडे गेली आणि माझी पोच्याची घागर उचलली. दुसऱ्यानं कळशी घेतली. किशनराव रहाटावर गेला आणि सराईतासारखं पाणी शेंदायला लागला. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. भरलेलं भांडं खांद्यावर घेऊन एकेक जण बांधाच्या वाटेला लागला.

आत्याबाई खाटेवरून दोन्ही हात टेकून उठल्या. "आरं ठिवा, ठिवा! आज काय आयतवार हाय व्हय?"

"आजी, बैलांला काय आयतवारीच तहान लागून राहिली?" असं म्हणून किशनराव घागर घेऊन चालू पडला.

मग बाकीच्या मंडळींनी माझ्याकडे बघितलं. आत्याबाईंनीही बघितलं. उमाचं हसू थांबलं.

थेंब, ओली भांडी, पोचा, खांदा, फुकट न पाजणारी आजी: सगळं मला एका दमात कळलं. दोन महिने मी माझ्या वेलींना मोजून मापून पाणी देत होते, आणि ही म्हातारी माझ्याच घागरींनी, कलेक्टर कचेरीच्या खांद्यावरून, धाकट्या लेकाचे बैल पोसत होती. डोंगर बघायला आलेल्यांकडून एकेक खेप घेतल्याशिवाय तिनं कुणाला पुढं जाऊ दिलं नव्हतं.

मी तिला काही बोलले नाही. बोलले असते तर फार वाईट बोलले असते. तशीच रांगेमागून निघाले. मलप्पांना समोरासमोर गाठायचं आणि सगळ्या लोकांदेखत चोर म्हणायचं, एवढंच मनात होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा तो बांध ओलांडला.

मलप्पांच्या रानात कोपी नव्हती. कडबा बैलांपुढं होता. उघड्यावर, नांगराच्या तासात पाच लहान दगड चुना लावून मांडले होते, पुढं मडक्यात थोडी आंबील. कुटुंब माहेरी पाठवलेलं, माणूस एकटाच बसलेला. मंडळींनी हौदात पाणी ओतलं. बैलांनी तोंडं घातली, आणि ते पाणी ओढण्याचा आवाज मला तिथं उभ्या उभ्या ऐकू येत होता. डावा बैल मध्येच मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. यजमान त्याला हातानं भाकरी भरवायचे.

मलप्पा मला बघून उठले. डोक्यावरची टोपी काढली. फार वाळलेत. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"वैनी, म्या कवाच याया पायजे हुतं. पर तुमी विहिरीवर पाय ठिवू नगा म्हणला हुता, मग कसं यावं?"

माझी नजर हौदाकडे गेली.

"दादाची बैलं म्या बाजाराला काडली हुती. कासरा हातात घितला हुता बगा. तवर ही मंडळी पाणी घिऊन आली. तवापसून दर आयतवारी पाणी धाडायलाव तुमी. सवताची बाग वाळायली, ती म्या डोळ्यानं बगायलोय, तरी धाडायलाव. एवढं मन…"

"मी धाडते असं कुणी सांगितलं?"

"अव्वानं." आत्याबाईंना ते अव्वा म्हणतात. "पयल्याच आयतवारी निरोप धाडला. 'जगदेवीनं पाणी दिलंय, बैलं इकू नकू' म्हणली."

किशनराव आणि मंडळी रिकाम्या घागरी घेऊन उभी होती. मला वाटलं, आता सांगावं. मी धाडलेलं नाही, मला ठाऊक नव्हतं, ठाऊक असतं तर विहिरीवर बसून राहिले असते. हे अगदी जिभेवर आलं. आणि तेवढ्यात मलप्पांनी वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. यजमान गेल्यापासून माझ्या पाया कुणी पडलं नव्हतं.

मी पाय मागं घ्यायला हवे होते. घेतले नाहीत. मला लाज वाटली, आणि ती लाज वाटत असतानाच बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहिते.

म्हटलं, "चला, जेवायला चला. येळवसला एकटं जेवू नये."

ते आले. विहिरीच्या ओट्यापाशी आल्यावर थबकले. मी म्हटलं, "या," तेव्हा पुढं पाय टाकला. आत्याबाईंनी वाढलं. भज्जी ताटाबाहेर सांडली. मी त्यांना एका शब्दानं विचारलं नाही, त्यांनीही मला काही सांगितलं नाही. मलप्पा जेवता जेवता उमाला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, मागच्या वळीत अजून फोलपटं टाकाया पायजेत." मी समोरच बसले होते.

आज सकाळी केवळाबाईला न बोलावता मी एकटीच कात्री घेऊन बागेत गेले. मागच्या ओळींचे सगळे घड उतरवले. हिरवे, कडक, आंबट. टोपलीत पडताना खडे पडल्यासारखा आवाज होत होता. दर घडाला जीव तुटला. पण विहिरीत जेवढं आहे त्यात सगळी बाग आणि दोन बैल होळीपर्यंत निघत नाहीत, हे मी तीनदा मनाशी करून बघितलं. घड गेले तर वेली तरी जगतील. पुढच्या ओळींतून काय येईल ते येईल.

किशनरावचं रस्त्याचं प्रकरण मिटलं असं मी मानत नाही. त्याच्यावर माझं लक्ष राहील. त्याला सांगून टाकलं आहे, दगड परत मांडायचे तर समाधीपासून आणखी लांबून मांडा, आणि रविवारी मी घरी असेन.

मलप्पांना निरोप पाठवला आहे की उद्यापासून बैल रोज सकाळी विहिरीवर आणा. त्यांच्या लेखी मी दोन महिने पाणी देत आले आहे. नमस्कार तर घेऊन बसले. आता पाणी दिलंच पाहिजे.